घरात संगणक तीन, परवाना किती?

पूर्वी आपल्या वस्तीत एखाद्याच घरी संगणक असे. आता थोरल्याचा लॅपटॉप, धाकटीच्या अभ्यासाचा जुना डेस्कटॉप आणि वडिलांच्या कामाचा तिसरा, असे अनेक कुटुंबांत दिसते. ही आनंदाची गोष्ट आहे. पण याच संगणकांत जातवैधता प्रमाणपत्राची प्रत, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेचे कागद साठवलेले असतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर एकदा शिरला, की अर्जाच्या शेवटच्या दिवशी हाती काही उरत नाही. म्हणून अँटिव्हायरस हवा, हे सर्वांना पटते. घोळ होतो तो त्याच्या परवान्यात, आणि त्यात कष्टाचे पैसे जातात.

दुकानातून खोका आणला म्हणजे ते सॉफ्टवेअर आपल्या मालकीचे झाले असे नव्हे. ठरावीक संगणकांवर, ठरावीक मुदतीपर्यंत वापरण्याचा हक्क तेवढा आपण घेतो. खोक्यावर 'वन यूजर, वन इयर' असे छापलेले असते. यूजर म्हणजे वापरणारा माणूस, असेच कोणालाही वाटेल. येथे मात्र यूजर म्हणजे एक संगणक. घरात माणसे सहा आणि संगणक एक, तर एक परवाना पुरे. माणूस एक आणि संगणक तीन, तर तीन हवेत. अशा वेळी तीन सुटे खोके घेण्यापेक्षा 'थ्री यूजर' पॅक बहुधा स्वस्त पडतो. त्यात एकच किल्ली तिन्ही संगणकांवर चालते. 'मल्टी-डिव्हाइस' असे लिहिले असेल, तर मोबाइलही एक नग म्हणून मोजला जातो. पण पुढेमागे लागेल म्हणून पाचाचा पॅक घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी पहिल्या संगणकावर किल्ली चालू केली, की त्याच दिवसापासून सर्वांची मुदत सुरू होते.

संगणक विकायचा किंवा फॉरमॅट करायचा असेल, तर आधी अँटिव्हायरसमध्ये 'डीॲक्टिव्हेट' करावे, नाहीतर जुन्या यंत्राची जागा अडकून राहते. एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस घालू नयेत. ते एकमेकांना अडवतात आणि संगणक मंदावतो. कोणी फुकटात 'क्रॅक' केलेली किल्ली देऊ केली, तर ती घेऊ नये. पंचशीलातले दुसरे शील रोज म्हणणाऱ्या घरात हे वेगळे सांगायला नको. शिवाय अशा क्रॅकमधूनच व्हायरस घरात येतो, हा व्यवहारही आहेच.

आता दुकानदार सहसा सांगत नाही ते सांगतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मुळातच असतो. त्याला वेगळा परवाना नाही, वार्षिक वर्गणी नाही. अद्यतने वेळच्या वेळी होऊ दिली आणि अनोळखी दुवे उघडले नाहीत, तर साध्या घरगुती वापराला तो पुरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. अशा संगणकावर महागडा अँटिव्हायरस बसवून ती उणीव भरून निघत नाही. पैसे घालायचेच तर ते विंडोज ११ चालेल अशा संगणकासाठी जमवावेत.

विहारातल्या अभ्यासिकेचा प्रश्न वेगळा. घरच्या पॅकमध्ये एक जागा शिल्लक आहे, ती अभ्यासिकेला देऊ, असा दानाचा विचार मनात येतो. भावना चांगली, परंतु घरगुती परवाना बहुधा एका कुटुंबाच्या खासगी वापरापुरता असतो, संस्थेसाठी नसतो. किल्ली देण्यापूर्वी अटी वाचाव्यात. त्यापेक्षा तेथील संगणकांवर डिफेंडर चालू आहे ना, हे एखाद्या जाणत्या मुलीने महिन्यातून एकदा पाहावे.

आणखी एक, नूतनीकरणाचे. पहिल्या वर्षी भरघोस सूट आणि पुढच्या वर्षी पूर्ण दराने आपोआप पैसे कापणे, ही ऑनलाइन विक्रीतील नेहमीची रीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून अशी नियमित रक्कम कापण्यापूर्वी २४ तास आधी सूचना यावी लागते. तो संदेश वाचल्याशिवाय पुसू नये. याचाच फायदा घेऊन 'तुमच्या अँटिव्हायरसचे हजारो रुपये कापले गेले, परत हवे असतील तर या क्रमांकावर बोला' असे खोटे ईमेल येतात. बोलणारा मग संगणकाचा ताबा मागतो. तो देऊ नये, आपले खाते आपणच उघडून पाहावे. पैसे खरोखरच गेले असतील, तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.