फवारणीचं विष, ॲट्रोपिनचा उतारा आणि औषधशास्त्राचे पाच शब्द

अकोला-अमरावतीत आपल्या समाजातील अनेक मुलं-मुली डी.फार्म., नर्सिंग, बीयूएमएस करत आहेत. फार्माकॉलॉजीची नावं पाठ होतात, पण औषध नेमकं काय करतं ते डोक्यात बसत नाही. म्हणून आज आपण वऱ्हाडातल्याच एका घटनेतून पाच शब्द समजून घेऊ.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली एसआयटी नेमली गेली. वापरलेल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषंही होती.

हे विष शरीरात काय करतं? आपल्या नसांच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं द्रव्य निघतं. ते पेशीवरच्या ज्या जागी बसतं, ती जागा म्हणजे रिसेप्टर. जणू कुलूपच. कुलूप उघडणारी किल्ली म्हणजे ॲगोनिस्ट. इथे ॲसिटिलकोलिन हाच ॲगोनिस्ट. काम झालं की एक एन्झाइम त्याला तोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट त्या एन्झाइमलाच अडवतं, म्हणून ते इनहिबिटर. मग ॲसिटिलकोलिन साचत जातं. लाळ, घाम, उलट्या सुरू होतात, बाहुल्या बारीक होतात, छातीत स्राव भरून श्वास कोंडतो.

डॉक्टर अशा वेळी ॲट्रोपिन देतात. ते कुलपात जाऊन बसतं, पण कुलूप उघडत नाही, दुसऱ्या किल्लीलाही आत येऊ देत नाही. हा अँटॅगोनिस्ट. विषावर उतारा म्हणून दिलेलं औषध म्हणजे अँटिडोट. मात्र ॲट्रोपिनने स्नायूंचा अशक्तपणा जात नाही. एन्झाइमला विषाच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रालिडॉक्सिम हे वेगळं औषध आहे.

आता वर्गीकरणाचा फायदा पाहा. पोटातल्या मुरड्यावरचं डायसायक्लोमिन, दम्यातलं इप्राट्रोपियम, डोळे तपासताना टाकतात ते ट्रोपिकामाइड, ही सगळी ॲट्रोपिनचीच भावंडं. गट एकच, अँटिमस्कॅरिनिक. म्हणून तोंड कोरडं पडणं, नजर धूसर होणं, लघवी अडकणं हे दुष्परिणामही कमी-अधिक सारखेच. घरात दादाजानला प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल, तर पोटदुखीची गोळी मनानेच देऊ नये, हे गट माहीत असलेल्या पोराला चटकन कळतं. नुसतं ब्रँडचं नाव पाठ केलेल्याला कळत नाही.

आणि फवारणी करताना कुणाला चक्कर, घाम, मळमळ झाली तर शेतात वाट पाहत बसू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, लगेच दवाखाना गाठा. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. कीटकनाशकाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. त्यावरून गट कळतो, आणि गट कळला की डॉक्टरांना उतारा ठरवायला वेळ लागत नाही.