घरच्या घरी गिअरबॉक्सची बदली

मोटारीच्या दुरुस्तीतील जी कामे गृहस्थाने स्वतःच्या अंगावर घेऊ नयेत असा सर्वसाधारण समज आहे, त्यांत स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बदलीचा क्रम फार वरचा लागतो. तरीही अमेरिकेत, जेथे कुशल कारागिराची मजुरी भारी आणि घराला लागून मोटारीची प्रशस्त खोली, तेथे हे काम आज कित्येक वर्षे घरोघरी होत आले आहे. त्याचा तपशील बारकाईने पाहिला म्हणजे ध्यानात येते, की त्यातील खरी कसोटी बळाची नसून काही मिलिमीटरांची आणि स्वच्छतेची आहे.

उदाहरणादाखल चारही चाकांना गती देणारा शेव्हरोले सिल्व्हराडो हा पिकअप ट्रक घेऊ. त्याच्या असंख्य गाड्यांत ‘४एल६०-ई’ नावाचा गिअरबॉक्स बसवलेला आढळतो. या नावातील चार हा आकडा पुढच्या गिअरांचा, ‘एल’ हे अक्षर इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने असल्याचे, साठ हा जोर पेलण्याच्या सापेक्ष क्षमतेचा आणि ‘ई’ ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची खूण होय. १९८२ च्या ‘७००आर४’चा हा वंशज १९९३ मध्ये आला. त्याच्या व्याधीही सर्वपरिचित आहेत: तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच झिजला, की दुसऱ्या गिअरनंतर इंजिन नुसतेच चढत जाते आणि गाडी ओढ घेत नाही, आतील सन-शेल हा पोलादी भाग फुटला, तर रिव्हर्स, दुसरा आणि चौथा हे तिन्ही एकदमच जातात. ऑइलला करपलेला वास आणि तळच्या चेंबरमध्ये धातूचा चुरा, असा पुरावा हाती लागल्यावाचून पेटी उतरवण्याचा निर्णय घेऊ नये. तसेच पेटी उघडून आतील क्लच बदलणे हा निराळ्या कारागिरीचा प्रांत आहे. घरच्या माणसाने संपूर्ण पेटीच बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम सुरक्षिततेचा बंदोबस्त. गाडी जॅकवर नव्हे, तर चार भक्कम स्टँडवर उभी करावी आणि बॅटरीची तार सोडावी. एखादे चाक जमिनीवर राहिले असेल, तर त्याला ठोकळे लावल्यावाचून प्रोपेलर शाफ्टला हात लावू नये, कारण ‘पार्क’चा खटका गिअरबॉक्समध्येच असतो आणि शाफ्ट सुटताच त्याचा चाकांवरील अंमल संपतो. मागचा-पुढचा शाफ्ट सोडण्यापूर्वी रंगाने खुणा कराव्यात. त्यानंतर पुढच्या-मागच्या आसांत गती वाटणारी ट्रान्सफर केस ही जड पेटी आधी वेगळी काढावी. दोन्ही पेट्या एकत्र उतरवण्याचा मोह घरच्या जागेत सर्वथा टाळावा. वायरिंग, कूलरच्या नळ्या, स्टार्टर आणि आडवा क्रॉसमेंबर ही पुढची कामे वेळखाऊ असली तरी सरळ आहेत. इंजिनाला खालून आधार देऊन, सुमारे ७० किलो वजनाची ही पेटी गिअरबॉक्सच्या खास जॅकवर पट्ट्याने जखडूनच खाली आणावी.

आता टॉर्क कन्व्हर्टरविषयी. इंजिनाची गती द्रवाच्या द्वारे पुढे पोचवण्याची ही युक्ती जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये पेटंट केली, आणि तिचा मूळ हेतू मोटार नसून जहाजाचे टर्बाइन हा होता. इंजिनाला जोडलेला पंखा ऑइल फेकतो, समोरचा पंखा त्या वेगाने पाणचक्कीप्रमाणे फिरतो, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या प्रवाहाची दिशा बदलून जोर वाढवतो. कन्व्हर्टरचा हा गोल डबा नव्या पेटीच्या तोंडात फिरवत फिरवत बसवताना तो टप्प्याटप्प्याने आत उतरतो. शेवटचा टप्पा पंपाच्या खाचेत अडकण्याचा. तो टप्पा चुकला आणि बेलहाउसिंगचे, म्हणजे पेटीच्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट आवळून पेटी इंजिनाकडे ओढली, तर नवा पंप सुरू होण्यापूर्वीच फुटतो. म्हणून नियम असा, की पेटी हाताच्या जोराने इंजिनाला पूर्ण टेकली पाहिजे, आणि टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरून इंजिनाच्या टोकाच्या चकतीपासून, म्हणजे फ्लेक्सप्लेटपासून, साधारण ३ ते ५ मिलिमीटर दूर राहिला पाहिजे. हे अंतर दिसत नसेल, तर पेटी पुन्हा खाली घेण्यात कमीपणा मानू नये.

कसोटीची दुसरी जागा ऑइलच्या कूलरची. जुन्या क्लचचा चुरा रेडिएटरच्या कूलरमध्ये आणि नळ्यांत दडून राहतो; त्या धुतल्या नाहीत, तर तोच चुरा नव्या पेटीत परततो. धुऊन साफ होण्याविषयी शंका राहिली, तर कूलरच नवा घ्यावा.

पेटी व कन्व्हर्टर दोन्ही कोरडे असतील, तर साधारण ११ लिटर ऑइल लागते; पण ते एकदम ओतू नये. काही लिटर भरून इंजिन सुरू करावे, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरवावे, आणि गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, ‘पार्क’मध्ये पट्टीवर पातळी पाहत उरलेले घालावे. ट्रान्सफर केसमध्ये ऑइल वेगळे भरावे लागते. ते गाडी सपाट उभी करून, पहिल्या फेरीपूर्वीच भरावे.