रिकाम्या सांगाड्याचे जहाज होताना

जुनी बोट विकत घेऊन तिला नवे इंजिन बसवावे, वर एक मजला चढवावा आणि प्रवासी किंवा माल वाहून पैसा मिळवावा, हा विचार वरवर सोपा वाटतो. मात्र जहाजाचा सांगाडा स्वस्तात मिळाला म्हणजे जहाज स्वस्तात मिळाले असे होत नाही. हा धडा कोलकात्यातील एका प्रसिद्ध कुटुंबाने १८८४ मध्ये मोठी किंमत देऊन घेतला. या कुटुंबाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध होता आणि त्याचा एक पत्ता बालीगंज येथे होता.

बालीगंज आणि ठाकूर कुटुंब

दक्षिण कोलकात्यातील बालीगंज भागात गुरुसदय मार्गावर बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय आहे. २ मे १९५९ रोजी ते सुरू झाले. या रस्त्याचे जुने नाव बालीगंज स्टोअर रोड. संग्रहालयाची जागा बिर्ला कुटुंबाने १९१९ मध्ये घेतली. त्यापूर्वी ती सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या कुटुंबाकडे होती.

सत्येंद्रनाथ हे भारतीय सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ मध्ये ते साताऱ्याहून निवृत्त झाले. त्यांचे धाकटे बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी मराठीचा चांगला अभ्यास केला होता. लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्य' ग्रंथाचा बंगाली अनुवाद त्यांचाच असून तो १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नाटककार, संगीतकार आणि चित्रकार म्हणून त्यांची ओळख आहे. ते एके काळी जहाजांचे मालकही होते, ही गोष्ट मात्र महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही.

सात हजार रुपयांचा सांगाडा

रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे. वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून ज्योतिरिंद्रनाथ लिलावाला गेले आणि सात हजार रुपयांना एका जहाजाचा रिकामा सांगाडा विकत घेऊन परतले. त्यात इंजिन नव्हते, खोल्या नव्हत्या. ते सारे नव्याने बसवून पूर्ण जहाज उभे करायचे होते. त्यांनी आपल्याच एका नाटकाच्या नावावरून या जहाजाला 'सरोजिनी' हे नाव दिले. मे १८८४ मध्ये 'सरोजिनी' कोलकात्याहून निघाली. पुढे खुलना ते बारिसाल या जलमार्गावर 'स्वदेशी', 'भारत' अशी आणखी जहाजेही आली.

याच मार्गावर फ्लोटिला कंपनी ही बलाढ्य इंग्रज कंपनी होती. दोघांत दरयुद्ध पेटले. भाडे घटत घटत नाहीसे झाले आणि शेवटी प्रवाशांना फुकट प्रवासासोबत मिठाईही मिळू लागली. बारिसालच्या लोकांचा उत्साह मोठा होता, पण इंधनाचा आणि खलाशांचा खर्च उत्साहाने भागत नाही. अखेर 'स्वदेशी' हे जहाज हावड्याच्या पुलावर आदळून बुडाले आणि हा व्यवसाय आवरता घ्यावा लागला.

या अपयशात परकी स्पर्धेचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. परंतु रिकाम्या सांगाड्यापासून जहाज उभे करणाऱ्या प्रत्येकाला जे प्रश्न सोडवावे लागतात, ते स्पर्धा नसतानाही तसेच राहतात. हे प्रश्न प्रामुख्याने तीन आहेत : पाणी किती खोल लागेल, तोल राहील काय, आणि इंजिन सांगाड्याला साजेल काय.

पहिला प्रश्न : किती बुडेल ?

जहाज आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तेवढेच बुडते, हा आर्किमिडीजचा नियम. त्याचा व्यवहारातील अर्थ असा की बोटीवर चढवलेल्या प्रत्येक टनाची किंमत खोलीच्या रूपाने मोजावी लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादी नदीतील बोट २० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. टोकांकडे ती निमुळती असल्यामुळे पाण्याच्या पातळीवर तिचे क्षेत्रफळ १०० ऐवजी सुमारे ८० चौरस मीटर भरते. गोड्या पाण्याच्या एका घनमीटरचे वजन एक टन. म्हणजे ही बोट एक सेंटिमीटर अधिक बुडण्यास सुमारे ०.८ टन भार पुरेसा होतो. तिच्यात आठ टनांचे इंजिन आणि यंत्रसामग्री बसवली की ती १० सेंटिमीटर खाली जाईल.

समुद्रात १० सेंटिमीटर ही क्षुल्लक बाब असेल. बंगालच्या नद्यांत ती तशी नसते. तेथे गाळाचे उंचवटे सतत जागा बदलतात, आणि ओहोटीच्या वेळी हाताच्या वितीएवढ्या पाण्यावरूनही बोट रुतेल की सुटेल हे ठरते. शिवाय समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. म्हणून समुद्रात चालणारी बोट नदीत आणली, तर तोच भार असूनही ती थोडी अधिक बुडते. यासाठी नवा आराखडा करताना सर्वप्रथम वजनांचा तक्ता तयार केला जातो. इंजिन, इंधन, पिण्याचे पाणी, नांगर, साखळदंड, बाके, छप्पर, प्रवासी अशी प्रत्येक वस्तू त्यात किती वजनाची आणि तळापासून किती उंचीवर, हे लिहावे लागते.

दुसरा प्रश्न : कलंडणार तर नाही ?

या तक्त्यातील 'किती उंचीवर' हा रकाना जिवाशी निगडित आहे. बोट एका बाजूस कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो. हा जोर बोटीला पुन्हा सरळ करतो, पण बोटीचा गुरुत्वमध्य पुरेसा खाली असेल तरच. वर मजला चढवला, छपरावर माल रचला, की गुरुत्वमध्य वर जातो आणि सावरण्याची शक्ती घटते.

ही शक्ती मोजण्याची जुनी आणि आजही मान्य असलेली रीत फार सोपी आहे. बोट शांत पाण्यात सैल बांधतात. आत एक लंबक टांगतात. ठरावीक वजन तिच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेतात आणि लंबक किती सरकला ते पाहतात. समजा, एकूण १०० टनांच्या बोटीवर एक टन वजन तीन मीटर आडवे हलवले आणि दोन मीटर लांबीचा लंबक १० सेंटिमीटर सरकला. या आकड्यांवरून सावरण्याचे अंतर ६० सेंटिमीटर निघते. नौकाभियंते याला स्थैर्याचे मुख्य माप मानतात. ते जितके कमी, तितकी बोट हळवी.

आता समजा, याच बोटीतील १०० प्रवासी म्हणजे सुमारे सहा टन भार खालच्या मजल्यावरून अडीच मीटर उंच छपरावर गेला. बोटीचे एकूण वजन बदलले नाही, ती अधिक बुडलीही नाही. तरी गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर वर गेला आणि सावरण्याचे अंतर ६० वरून ४५ सेंटिमीटरवर आले. एवढ्यात काही पाहण्यासाठी हे सारे प्रवासी दोन मीटर एका बाजूला सरकले, तर खाली बसलेले असताना सुमारे ११ अंश कलणारी बोट आता सुमारे १५ अंश कलेल. वारा, लाट आणि तळाशी हिंदकळणारे पाणी यांचा परिणाम यात अजून धरलेलाच नाही. तळाशी साचलेले पाणी कललेल्या बाजूकडे धावते आणि कलणे आणखी वाढवते. म्हणूनच तळाच्या पोकळीचे कप्पे पाडणे आणि पाणी उपसण्याची व्यवस्था ठेवणे, ही डागडुजीतील पहिली कामे ठरतात.

मराठी वाचकांना या गणिताचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट वादळी समुद्रात कलंडून बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवाशांना जलसमाधी मिळाली. कोकणातील अनेक घरांत ती आठवण आजही जिवंत आहे.

तिसरा प्रश्न : इंजिन साजेल काय ?

जुन्या सांगाड्याला मोठे इंजिन बसवले की वेग त्याच प्रमाणात वाढतो, ही समजूत चुकीची आहे. ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती लागते. १० ऐवजी १२ नॉट वेग हवा असेल, म्हणजे पाचव्या हिश्शाने वाढ हवी असेल, तर शक्ती जवळजवळ पाऊणपट अधिक लागते. इंधनाचा खर्चही त्याबरोबर चढतो. प्रत्येक आकाराच्या सांगाड्याची एक स्वाभाविक वेगमर्यादा असते. तिच्यापलीकडे इंजिनाची शक्ती बोट पुढे नेण्याऐवजी लाटा उठवण्यात खर्च होते.

इंजिनामागे पंखा आणि त्यांना जोडणारा दांडा येतो. दांडा रेषेत नसेल तर बोट थरथरते, धारवे झिजतात आणि सांध्यांतून पाणी झिरपू लागते. इंजिनाचा पाया पुरेसा मजबूत नसेल तर जुन्या पत्र्यांना तडे जातात. म्हणून सांगाडा विकत घेण्यापूर्वीच त्याची तपासणी व्हावी लागते. पूर्वी हातोडीच्या आवाजावरून आणि भोके पाडून पत्र्याची जाडी पाहत. आता श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भोक न पाडता ती मोजता येते. सुक्या गोदीत बोट चढवून तळाचा प्रत्येक पत्रा तपासल्याशिवाय लिलावातील किमतीला काही अर्थ नसतो.

याउलट घडलेले उदाहरणही कोलकात्यातच आहे. मुळात चीनमधील वापरासाठी मागवलेले वाफेचे इंजिन तेथे वापरले गेले नाही, म्हणून खिदिरपूर येथे त्याच्याभोवती सागवानी सांगाडा बांधला गेला आणि जुलै १८२३ मध्ये 'डायना' ही आगबोट पाण्यात उतरली. इंजिन आधी, सांगाडा नंतर. यंत्राचे वजन आणि माप हाती असल्याने येथे आराखडा त्यानुसार करता आला. 'सरोजिनी'च्या बाबतीत सांगाडा ठरलेला होता आणि बाकी सर्व त्यात बसवायचे होते. पुनर्बांधणीचे काम नव्या बांधणीपेक्षा पुष्कळदा अवघड ठरते, ते याच कारणाने.

स्वदेशी जहाजे आणि जुने सांगाडे

भारतीय भांडवलाने उभ्या राहिलेल्या नौवहनाचा इतिहास अशा जुन्या जहाजांशी जोडलेला आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. हे जहाज १८९१ मध्ये 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने प्रवासी जहाज म्हणून बांधले गेले होते. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते घेऊन रुग्णालय म्हणून वापरास दिले आणि नंतर ते सिंधिया कंपनीकडे आले. एकाच सांगाड्याने तीन भूमिका केल्या. परंतु वयाचे ओझे उतरत नाही. १९२३ मध्ये ते भंगारात निघाले. कंपनी मात्र टिकून पुढे वाढली, आणि ज्योतिरिंद्रनाथांच्या प्रयत्नापेक्षा तिची वाट येथे निराळी झाली.

आजची स्थिती

'सरोजिनी' निघाली त्याच १८८४ साली हुगळीकाठी एका नदीवाहतूक कंपनीची छोटी कर्मशाळा सुरू झाली. १९६० मध्ये ती केंद्र सरकारने घेतली आणि १९७७ पासून ती गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनीअर्स या नावाने ओळखली जाते. युद्धनौकांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गोदीने पश्चिम बंगालसाठी 'ढेउ' नावाची विजेवर चालणारी प्रवासी बोटही बांधली आहे. केरळमध्ये सौरऊर्जेवरील 'आदित्य' ही बोट जानेवारी २०१७ पासून सेवेत आली. कोलकाता बंदराची 'भोपाळ' ही चाकांची जुनी आगबोट दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पर्यटनासाठी नव्या रूपात पुढे आली.

डिझेलवरील जुन्या बोटींना विजेवर चालवण्याचा विचार आता ठिकठिकाणी होत आहे. त्यातही तेच तीन प्रश्न उभे राहतात. डिझेल वाटेत जळते आणि बोट हलकी होते. विद्युतघटांचे वजन मात्र पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत कायम राहते. ते तळाशी ठेवले तर तोल सुधारतो, पण बोट अधिक बुडते. शिवाय आगीपासून संरक्षणाची स्वतंत्र व्यवस्था लागते.

अंतर्गत जलमार्गांवरील बोटींसाठी १९१७ चा कायदा शतकाहून अधिक काळ चालला. त्याची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने घेतली. बोटीची बांधणी, सर्वेक्षण, नोंदणी आणि फेरबदल यांना देशभर समान नियम असावेत, हा त्यामागील हेतू आहे. तथापि कागदावरील प्रमाणपत्र बोटीच्या एका विशिष्ट अवस्थेसाठी दिलेले असते. त्यानंतर छपरावर चढवलेले एक जादा शेड किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक घेतलेले प्रवासी ती अवस्थाच बदलून टाकतात.

जलवाहतूक रस्त्यापेक्षा स्वस्त आहे, हे खरे. परंतु ही स्वस्ताई सांगाड्याच्या लिलावात मिळत नाही. वजनांचा प्रामाणिक तक्ता, गोदीतील तपासणी आणि लंबकाची ती साधी चाचणी यांवर आधी केलेल्या खर्चातून ती येते. तो खर्च टाळणाऱ्याचे नुकसान बहुधा फक्त पैशात मोजता येत नाही. कारण बोटीत बसलेल्या प्रवाशाला तिच्या तळाची जाडी किंवा गुरुत्वमध्य दिसत नसतो. तो केवळ विश्वासाने फळीवर पाय ठेवतो.