सह्या दोन की तीन?

आज आपण इंग्रजी व्याकरणातली एक लहानशी गोष्ट समजून घेऊ. ‘आम्हाले काय करायचं इंग्रजीचं व्याकरण?’ असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण त्यापायी आमचा एक दिवस फुकट गेला, तो किस्सा आधी ऐका.

आमच्या गटाला बँकेत अर्ज द्यायचा होता. चेकवर अध्यक्ष लता आणि सचिव सुनीता यांनी सही करायची, असं बैठकीत ठरलं होतं. अर्ज आम्ही इंग्रजीत लिहिला: ‘अवर प्रेसिडेंट, लता, अँड सुनीता विल साइन द चेक्स.’ काउंटरवरच्या माणसानं तो वाचला आणि विचारलं, ‘तिसऱ्या बाई कुठे आहेत?’ त्यानं मोजलं ते असं: एक अध्यक्ष, दुसरी लता, तिसरी सुनीता. आम्ही मोजलं होतं दोन, कारण अध्यक्ष म्हणजेच लता. चूक त्याची नव्हती, आमचं वाक्यच दुहेरी होतं. अर्ज पुन्हा लिहून दुसऱ्या दिवशी जावं लागलं आणि दोघींची निंदणाची मजुरी बुडाली.

या वाक्यात ‘प्रेसिडेंट’ला लागून जी ‘लता’ आली, तिला इंग्रजीत अपॉझिटिव्ह म्हणतात. मराठी व्याकरणातला शब्द आहे समानाधिकरण. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे: माणूस किंवा वस्तू एकच, पण तिची दोन नावं शेजारी-शेजारी ठेवलेली. दुसरं नाव पहिल्याची ओळख पटवतं. ते दोन-चार शब्दांचं असलं, तर त्याला अपॉझिटिव्ह फ्रेज म्हणतात.

मराठीत आपण हे दिवसभर करतो. ‘सचिव सुनीताला बोलवा’ म्हणतो, ‘सचिवाला सुनीताला बोलवा’ असं म्हणत नाही. बाई एकच, म्हणून ‘ला’ एकदाच आणि तोही शेवटी लागतो. आपल्याकडे बहुतेक वेळा काम किंवा नातं आधी आणि नाव नंतर येतं. इंग्रजीत पुष्कळदा नाव आधी येतं आणि ओळख मागून, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसून.

आपल्या गावाचंच उदाहरण घेऊ. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ, पेढी नदीपाशी देह ठेवला. मुलींच्या पुस्तकात हे असं येऊ शकतं: ‘गाडगेबाबा, अ वॉन्डरिंग सेंट, डाइड निअर वलगाव.’ ‘अ वॉन्डरिंग सेंट’ म्हणजे गावोगाव फिरणारा संत. हा तुकडा अपॉझिटिव्ह आहे की नाही, ते तीन प्रकारे तपासता येतं.

पहिलं, त्या तुकड्यावर बोट ठेवून तो झाका. ‘गाडगेबाबा डाइड निअर वलगाव.’ वाक्य उभं राहतं.

दुसरं, नाव काढून तुकडाच त्याच्या जागी बसवा. ‘अ वॉन्डरिंग सेंट डाइड निअर वलगाव.’ हेही उभं राहतं.

तिसरं, मध्ये ‘म्हणजेच’ घालून पाहा. गाडगेबाबा, म्हणजेच एक फिरते संत. जुळतं.

आता हे वाक्य पाहा: ‘गाडगेबाबा, ब्रूम इन हँड, एंटर्ड द व्हिलेज.’ हातात खराटा घेऊन बाबा गावात शिरले. इथंही स्वल्पविरामांच्या मध्ये तुकडा आहे. पण ‘म्हणजेच’ घातलं, तर ‘गाडगेबाबा म्हणजेच खराटा’ होईल. ते जुळत नाही, म्हणून हा अपॉझिटिव्ह नाही. नुसते स्वल्पविराम पाहून फसायचं नाही.

दुसरी फसगत क्रियापदाची होते. प्रतिभाताई पाटील 1991 मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. ‘प्रतिभा पाटील, द फर्स्ट वुमन प्रेसिडेंट ऑफ इंडिया, वॉज वन्स द एमपी फ्रॉम अमरावती.’ यात ‘द फर्स्ट वुमन प्रेसिडेंट ऑफ इंडिया’ हा अपॉझिटिव्ह आहे. शेवटचं ‘द एमपी फ्रॉम अमरावती’ मात्र नाही. ओळख तीही सांगते, पण ती ‘वॉज’ या क्रियापदाच्या आधारानं आली आहे, नावाला चिकटून नाही. तसंच ‘हू वॉज द फर्स्ट वुमन प्रेसिडेंट’ असं लिहिलं, तर त्यात क्रियापद शिरलं. मग तो अपॉझिटिव्ह न राहता छोटं उपवाक्य होतो. दहावीच्या मुली इथंच गोंधळतात, त्यांना हे जरूर सांगा.

आता स्वल्पविरामाचं काम पाहू. समजा एकीनं लिहिलं, ‘माय सिस्टर सुनीता’, मध्ये स्वल्पविराम नाही. वाचणारा समजतो, बहिणी बऱ्याच असतील, त्यातली ही सुनीता. इथं नावाशिवाय ओळख पटत नाही, म्हणून ते तोडून वेगळं करत नाहीत. दुसरीनं लिहिलं, ‘माय सिस्टर, सुनीता,’ आणि नावाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले. वाचणारा समजतो, बहीण एकच आहे, नाव आपलं जादा माहिती म्हणून दिलं.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. समजा घरच्या वारसांच्या इंग्रजी अर्जात ‘माय डॉटर, रेखा,’ एवढंच लिहिलं आणि मुली आहेत तीन. वाचणाऱ्याला वाटेल, मुलगी एकच. स्वल्पविरामानं कुणाचा हक्क जात नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, तशी दुरुस्ती कायद्यात 2005 मध्ये झाली. पण कागदावर नाव राहून गेलं, की ते चढवायला फेऱ्या होतात. आणि हा नियम लिहिणारे सगळे काटेकोर पाळतात असंही नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदात स्वल्पविरामावर भरवसा ठेवू नका. आधी आकडा लिहा, मग सगळी नावं लिहा: ‘माय थ्री डॉटर्स’ आणि पुढे तिघींची नावं.

आमचा अर्जही आम्ही तसाच सुधारला. ‘टू मेंबर्स विल साइन’ असं वर लिहिलं. खाली पहिल्या ओळीत ‘लता, द प्रेसिडेंट’ आणि दुसऱ्या ओळीत ‘सुनीता, द सेक्रेटरी’. दोन ओळी, दोन बाया, दोन सह्या. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे. कागदांवर आपल्या नावापुढे बहुतेक वेळा ‘वाइफ ऑफ’ अमुक असं लिहिलेलं असतं. तीही अपॉझिटिव्ह फ्रेजच आहे. ओळख पटवायला ती लागते, तिथं ती असू द्या. पण आपली ओळख तेवढीच नाही. ‘सुनीता, अ फार्मर’ हेही खरं आहे, आणि ‘सुनीता, द सेक्रेटरी ऑफ द ग्रुप’ हेही.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक वाक्य तयार करून आणा. आधी आपलं नाव, मग स्वल्पविराम, मग आपण जे काम करतो ते, पुन्हा स्वल्पविराम, आणि मग उरलेलं वाक्य. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, घरची पोरगी लिहून देईल. मग तीन प्रकारे ते तपासू. तोवर रजा घेतो. नमस्कार.