लांबचा पट : आधी वेग, मग वळण

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच गोल्फचे मैदान असल्याने बडोदेकरांना हा खेळ अनोळखी नाही. साठी ओलांडल्यावर आमचा पहिला फटका पूर्वीइतका लांब जात नाही. फटके वाचवायचे ते ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर. तिथे पटरने चेंडू घरंगळत नेणारा फटका म्हणजे पट. लांबच्या पटवर दोन फटक्यांचे काम हमखास तीनवर जाते.

याचे कारण असे की, आपण चेंडू कुठे वळेल एवढेच पाहतो. थोडा हिशेब करू. होल ४० फुटांवर आहे. दिशा २ अंशांनी चुकली, तर चेंडू सुमारे दीड फूट बाजूला जातो. वेग चुकून अंतरात १५ टक्के फरक पडला, तर तो ६ फूट अलीकडे किंवा पलीकडे थांबतो. दीड फुटाचा पट सहज जातो. ६ फुटांचा बऱ्याचदा हुकतो. म्हणून आधी वेग ठरवावा.

त्यासाठी ग्रीनवर पोहोचण्यापूर्वीच, दुरून, पूर्ण जमिनीचा कल पाहावा. पावसाचे पाणी कुठे वाहून जाईल, हे मनाशी विचारावे. मग चेंडू आणि होल यांच्या मध्यावर, उताराच्या खालच्या बाजूला उभे राहावे. चढ-उतार तिथून स्पष्ट दिसतो, पायांनाही जाणवतो.

वेग कमी होतो तसे वळण वाढते. त्यामुळे होलजवळच्या शेवटच्या ८-१० फुटांचा उतार सर्वांत बारकाईने पाहावा. चढावर चेंडू जोरात मारावा लागतो, म्हणून कमी वळतो. उतारावर हळू मारावा लागतो, म्हणून जास्त वळतो.

आपल्याकडच्या बर्म्युडा गवताची लवही पाहावी. गवत चकाकताना दिसले तर लव आपल्यापासून पुढे झुकलेली असते, चेंडू वेगाने जातो. गडद, निस्तेज दिसले तर लव आपल्याकडे असते, जोर वाढवावा. सकाळच्या दवातही चेंडू संथ धावतो. मात्र हिरवळ हाताने घासून किंवा चेंडू घरंगळवून तपासणे नियमात बसत नाही.

खेळ सुरू करण्यापूर्वी सरावाच्या ग्रीनवर २०, ३० आणि ४० फुटांवरून तीन-तीन चेंडू मारावेत. होलमध्ये घालण्याचा हट्ट नको. होलभोवती ३ फुटांच्या आत चेंडू थांबला, की आमच्या लेखी तो पट यशस्वी.