आईला मधुमेह आणि बाळ वेळेआधी जन्मलं, तर त्याची वाढ मागे पडते का?

गरोदरपणात साखर वाढली की घरचे म्हणतात, 'गोड जास्त खाल्लं असेल.' खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. वारेतून तयार होणाऱ्या हार्मोन्समुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ही तूट काहींच्या शरीराला भरून काढता येत नाही आणि साखर वाढते.

बाळावर काय परिणाम होतो?
आईची साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, इन्सुलिन पोहोचत नाही. मग बाळच जास्त इन्सुलिन बनवू लागतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, पण इन्सुलिन तेवढंच राहतं. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. मेंदूचं मुख्य इंधन साखरच आहे.

वेळेआधी जन्मल्यास काय?
37 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या शरीरात साखरेचा साठा कमी असतो. फुप्फुसं पुरती तयार नसतात आणि जास्त इन्सुलिनमुळे ती तयार व्हायला आणखी उशीर होऊ शकतो. शेवटच्या आठवड्यांत मेंदू झपाट्याने वाढतो, तो काळही हुकतो. म्हणून अशा बाळांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. पण धोका आहे म्हणजे नुकसान होणारच, असं नाही.

काय करता येतं?
पहिल्या तपासणीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत साखरेची चाचणी करावी. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर 140 किंवा त्याहून जास्त आली, तर उपचार सुरू होतात. जन्मानंतर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन साखर तपासतात. लवकर दूध देणं आणि कांगारूसारखं छातीशी धरणं, दोन्हीचा उपयोग होतो.

वाढ कशी मोजायची?
32 आठवड्यांत जन्मलेलं बाळ 8 आठवडे आधी आलेलं असतं. ते सहा महिन्यांचं झालं की त्याची तुलना चार महिन्यांच्या बाळाशी करावी. दोन वर्षांपर्यंत वय असंच मोजतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या.

हे वय धरूनही मान सावरणं, बसणं, आवाजाकडे वळणं मागे पडत असेल, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा मुलांची मोफत तपासणी होते. उपचार जितके लवकर, तितका फायदा जास्त.