पंचेचाळीस मीटर

तापीचा पूल ओलांडून बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. दिवसा हा रस्ता डोळ्यांना थंडावा देतो. रात्री त्याच बागा दोन काळ्या भिंती होतात. गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या गाडीत मी पुढे बसलो होतो. समोरून अप्पर मारत एक आयशर आली आणि गेली. तिच्यामागच्या काळोखातून एकदम केळीची ट्रॉली उभी राहिली. चाक बसलेलं, मागे दिवा नाही, रेडियम नाही. फळीला केळीचं एक पान तेवढं खोचलेलं, धोक्याची खूण म्हणून. भाच्याने ब्रेकवर पाय रोवला. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ट्रॉली यांच्यात दोन ढांगा उरल्या होत्या.

"मामा, साठवरच होतो मी," तो म्हणाला. आवाज कापत होता.

"म्हणून बोलतोयस," मी म्हणालो. माझाही कापतच होता.

घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. डोळ्याला काहीतरी दिसणं, ती ट्रॉली आहे आणि उभी आहे हे मेंदूला कळणं, पाय उचलून ब्रेकवर जाणं, या सगळ्याला सावध माणसाचाही दीडेक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, तीही पूर्ण वेगाने. त्यानंतर ब्रेक लागतो आणि कोरड्या डांबरावर आणखी २० मीटर घसटत गाडी थांबते. एकूण ४५. पावसात डांबराची पकड निम्म्यावर आली, तर हाच आकडा साठीच्या पुढे जातो.

आता भाचा ८० वर असता तर? माझा अंदाज होता की थोडासा धक्का बसला असता, दिवे फुटले असते. हिशेब वेगळाच निघाला. दीड सेकंदात ३३ मीटर संपले. ब्रेकसाठी उरले जेमतेम १२. जिथे साठची गाडी पूर्ण थांबते, नेमक्या त्या जागी ऐंशीची गाडी अजून ताशी ६५ च्या वेगात असते. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण मनाला पटेना. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे शाळेत घोकलेलं सूत्र इथे अंगावर येतं. वेग एक-तृतीयांशाने वाढला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा पावणेदोन पट होते. ताशी ६५ ने आदळणं म्हणजे १७ मीटरवरून, पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणं.

गोष्ट इथेच संपत नाही. डिप्परचा, म्हणजे खालच्या झोताचा, उजेड समोर साधारण ४० ते ५० मीटरच पोचतो. म्हणजे डिप्परवर साठच्या पुढे गेलेला माणूस दिसतं त्याच्या पलीकडे गाडी हाकतो. त्यात समोरचा अप्पर मारून गेला असेल तर आणखी पंचाईत. अंधारात पाहणाऱ्या डोळ्यातल्या शलाका पेशी झगझगीत उजेडाने काही सेकंद निकामी होतात, आणि वय वाढेल तसा हा वेळही वाढतो. सेकंदाला १७ मीटरने जाणाऱ्या माणसाला काही सेकंद आंधळेपण परवडत नाही.

या सगळ्यावरचा स्वस्त उपाय ट्रॉलीच्या फळीवर हवा होता. आपण त्याला रेडियम म्हणतो. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेलं रेडियम त्यात कणभरही नसतं. पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावत, त्यावरून हे नाव चिकटलं असावं. ही पट्टी स्वतः चमकतच नाही. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा चिमुकले लोलक असतात. त्यांच्यावर थोडा तिरका आलेला उजेडही ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो, म्हणजे थेट त्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यांत. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेला परावर्तकही याच तत्त्वावर चालतो. पृथ्वीवरून सोडलेला लेझर त्याला लागून परत येतो. चंद्रावरून जमतं ते शेताच्या बांधावरून जमायला हरकत नाही, फक्त पट्टीवर चिखल नको. डिप्परच्या मंद कडेलाही स्वच्छ पट्टी शंभर-दीडशे मीटरवरून लकाकते. ४५ मीटरच्या हिशेबात ही केवढी मोठी सवलत आहे!

अपघात म्हटलं की आपल्या मनात घाट आणि वळण येतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल वेगळं सांगतो. त्या वर्षी देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. यातले ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावरचे. मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांच्या पुढे 'अतिवेग' असं कारण लिहिलेलं. मध्य प्रदेश अपघातांच्या संख्येत तमिळनाडूखालोखाल दुसरा, ५४,४३२ अपघात. 'अतिवेग' हा शब्द मला थोडा सोयीचा वाटतो. तो लिहिला की बिनदिव्याची ट्रॉली, साइडपट्टीचा खड्डा, पुलाचा कठडा हे सगळे सुटतात. पण सरळ रस्त्याचं खरं आहे. सरळ रस्ता पायाला भुलवतो. इंदूर–इच्छापूर रस्त्याचं चौपदरीकरण होतंय, प्रवास सुखाचा होईल. तेव्हा हे विसरायला नको.

वळणाचं गणित निराळं. तिथे गाडी थांबत नाही म्हणून नव्हे, कलंडते म्हणून घात होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये धुळ्याकडून रावेरला पपई घेऊन निघालेला ट्रक यावल तालुक्यात किनगावजवळ रात्री उलटला. त्यात मजूरही होते. किमान १५ जण गेले, आणि बहुतेक रावेर परिसरातले. बुऱ्हाणपूरच्या बाजारात त्यानंतर कितीतरी दिवस दुसरं बोलणं नव्हतं.

केळी-पपईची गाडी शीगभर भरली की तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो. चाकांमधलं अंतर १.८ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन मीटरवर असेल, तर बाजूचा ओढा वजनाच्या ४५ टक्क्यांवर गेला की गाडी कलंडते. साठ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० ने गेलात तर ओढा २१ टक्के, काही होत नाही. ताशी ६० ने गेलात तर ४७ टक्के. संपलं. शिवाय माल आत सरकला तर याच्याही आधी. कारमध्ये बसून ट्रकवाल्याला 'काय बैलगाडी चालवतोय' म्हणणाऱ्यांनी हे वळणाचं गणित एकदा करून पाहावं. आणि मालावर माणूस बसवू नये हे सांगायला विज्ञान लागत नाही.

उत्तरेला असीरगडाच्या पायथ्याशी रस्ता सातपुडा ओलांडतो. उतारावर नाकात शिरणारा जळक्या लायनरचा वास ज्याने घेतलाय त्याला पुढचं लगेच कळेल. १६ टनांचा ट्रक १०० मीटर उंची उतरतो तेव्हा जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जाते, तेवढ्यात ४५ लिटर पाणी उकळीला येईल. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पेडल दाबलं तरी गाडी ओढतच राहते. म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर. मग ब्रेकचं अर्धं काम इंजिन करतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारा ते सगळं काम ब्रेकवर टाकतो.

बेल्ट आणि हेल्मेटबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ आणि बेल्ट न लावलेले १६,७१५ जण गेले. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट कायद्याने बंधनकारक आहे. तरी लग्नाच्या गाडीत मागे बेल्ट लावणाऱ्याकडे आपल्याकडे अजूनही संशयाने पाहतात. साठच्या वेगातली गाडी अर्ध्या मीटरात चेपून थांबली, तर ६० किलोच्या माणसाला पावणेदोन टनांचा झटका बसतो. हातांनी समोरची सीट धरून हे पेलत नाही.

चूक माणूस करणारच, असं धरून रस्ता बांधणं ही दुसरी वाट. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये तेच धोरण ठरवलं. आपल्याकडे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून सेव्हलाइफ फाउंडेशन आणि सरकारी यंत्रणांनी त्या धर्तीवर काम केलं: खांबांना आणि उघड्या कडांना संरक्षक कठडे, उभ्या वाहनांवर नजर, वेगावर लगाम. काही वर्षांत तिथले मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्याउलट १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटला नर्मदेच्या पुलाचा कठडा तोडून नदीत गेली, १२ जण दगावले. दिसण्यापुरता कठडा आणि आदळलेली गाडी वळवून रस्त्यावर परत आणणारा कठडा, यांत फरक असतो. नव्या चौपदरी रस्त्याच्या उद्घाटनाला रिबन कापण्याआधी कुणीतरी पुलांवर हा फरक पाहायला हवा.

राहिली झोप. शरीराचं घड्याळ पहाटे दोन ते पाचमध्ये सगळ्यात सुस्त असतं. डुलकी चार सेकंदांची, पण ऐंशीच्या वेगात ती ८९ मीटर खाते, म्हणजे सुरुवातीच्या ४५ ची दुप्पट. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, यातलं काही फार टिकत नाही. त्यापेक्षा चहा घेऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटावेत, कारण चहातलं कॅफीन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. हे मी बुऱ्हाणपुरात मावा जिलेबी खात बसलेल्या एका केळीच्या ट्रकवाल्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. बोटांना लागलेला पाक चाटला. मग म्हणाला, "दादा, वीस मिनिटं तर मी काढीन हो. पण घड कापला तेव्हापासून माल पिकायला लागलाय, अन् तिकडे व्यापारी सारखा फोन करतोय. त्याला सांगा ना हे तुमचं, कॅफीनचं."